सात आठे छप्पन्न आणि चार फुगे

अध्यक्षबाई आणि मित्रहो, शाळेत गणित शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली आणि निवृत्त झाल्यापासून मुलांच्या हातातील शैक्षणिक अ‍ॅप्स मी त्यांच्या शेजारी बसून पाहत आलो आहे. ‘मेंदूला व्यायाम आणि अभ्यासात मजा’ हे या अ‍ॅप्सचे आश्वासन कितपत खरे आहे, ते सांगण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. त्यासाठी आधी माझ्या नातवाची हकीकत सांगणे भाग आहे, कारण हा विषय मला तिच्यामुळेच उलगडला.

नातू तिसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा त्याच्या टॅबवर पाढ्यांचे एक अ‍ॅप होते. वर प्रश्न येतो, खाली चार फुगे तरंगतात, बरोबर फुगा फोडला की मोर नाचतो. शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पाहून घरातील सगळे खूश होते. मी त्याच्याजवळ बसलो. ‘सात गुणिले आठ’ असा प्रश्न आला आणि फुग्यांवर १५, ५४, ५६ आणि ८७ हे आकडे होते. त्याने क्षणात ५६ फोडला. “कसे ओळखलेस?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “आजोबा, पंधरा ही बेरीज आहे. सत्त्याऐंशी म्हणजे नुसते आठ आणि सात शेजारी ठेवलेत. चोपन्न मघाशी नवाच्या पाढ्यात आला होता. मग उरला तोच.” हे उत्तर ऐकून मला त्याचा अभिमान वाटला आणि काळजीही वाटली. पोराने डोके चालवले होते यात शंकाच नाही, पण ते पाढ्यावर चालवले नव्हते, अ‍ॅप बनवणाऱ्याने चुकीची उत्तरे कशी निवडली असतील यावर चालवले होते.

संध्याकाळी आम्ही वाण्याकडे गेलो. आठ रुपयांची एक, अशा सात पेन्सिली घेतल्या आणि मी त्याला पैसे मोजायला सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, “आजोबा, पर्याय काय आहेत?” तुम्ही हसलात, वाणीही हसला होता, पण त्या मुलाचे डोळे भरून आले होते आणि त्यात त्याची काहीही चूक नव्हती.

दुसरा प्रसंग परतीच्या एसटीत घडला. रोज न चुकता खेळल्याचे दिवस ते अ‍ॅप मोजत असे आणि ते त्रेसष्टवर पोहोचले होते. गाडीला उशीर झाला, घाटात रेंज गेली, रात्रीचे बारा वाजत आले आणि आता आकडा शून्यावर जाणार म्हणून हे लेकरू हुंदके देऊ लागले. पाढा विसरेल याचे भय त्याला नव्हते, मोर रुसेल याचे होते. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात असे भय पेरणाऱ्या रचनेला शैक्षणिक म्हणायला मी तयार नाही.

यावर आपल्यापैकी अनेकांना परवचा आठवला असेल. दिवेलागणीला पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, अगदी साडेतीनाच्या औटकीपर्यंत आम्हीही म्हटले आहे. त्यात एक मोठी गोष्ट होती: उत्तर स्वतःच्या तोंडून यावे लागे, समोर फुगे नसत. पण परवच्याचीही मर्यादा मी वर्गात पाहिली आहे. सात आठे विचारले की कित्येक मुले ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून धावत येत, कारण त्यांनी पाठ केली होती ती चाल. ज्याचा सराव करावा तेच येते, हा नियम परवच्यालाही लागू आहे आणि अ‍ॅपलाही.

दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला मुद्दा आता भराभर मांडतो.

‘मेंदूचा व्यायाम’ हा शब्द दंडाच्या व्यायामावरून आला आहे आणि तिथेच घोळ आहे: कमावलेला दंड कुठल्याही कामी येतो, मेंदूचे तसे होत नाही. ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांवर सहा आठवडे मेंदूच्या खेळांचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आले: लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या इतर कामांतही त्यांची प्रगती दिसली नाही. अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तर्काचा सराव करणाऱ्यांचा तर्क सुधारला, स्मृतीचा सराव करणाऱ्यांची स्मृती सुधारली. एका सरावाचा लाभ दुसऱ्या क्षमतेला मिळाला नाही. ल्युमॉसिटी या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीला तर शाळेतील यशाचे आणि वार्धक्यातील विस्मरण लांबवण्याचे दावे पुराव्याविना केल्याबद्दल जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले.

मग अ‍ॅप निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. शिवाय उजळणी एकदम न करता दिवसांच्या अंतराने करावी, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले. अंकी हे अ‍ॅप या दोन्ही गोष्टी करते: उत्तर झाकून ठेवते आणि जे आपण विसरतो ते लवकर, जे येते ते उशिरा विचारते.

राहिली मजा. ती विषयातलीच असावी, बाहेरून चिकटवलेली नसावी. जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या अ‍ॅपमध्ये त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढत न्यावा, तिन्ही कोन सतत बदलताना दिसतात आणि बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तो शिरोबिंदू पडद्याच्या काठापर्यंत ओढला आणि “सर, आता तरी मोडेल!” असे ती म्हणाली, तेव्हा कोणत्याही मोराची गरज नव्हती.

आमच्या घरी सध्या बुटांचे एक खोके आहे. लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७० च्या दशकात सुचवल्याप्रमाणे त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले आहेत आणि पाढ्यांची कार्डे नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्यात परत येते. परवा त्याने फोनवर कळवले की सात आठे चौथ्या कप्प्यात गेले आहे, मात्र आठ नव्वे अजून पहिल्यातच अडले आहे.