घंटा आली, भाषा तिकडेच राहिली

भीमाशंकरला देवळापुढची ती मोठी घंटा बघितली असेल, १७२९ साल कोरलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाची ही चर्चची घंटा असं सांगतात, आपण फोटो काढतो आणि पुढे सरकतो. पण त्या पोर्तुगीज मोहिमांनंतर मागे राहिलेली अजून एक गोष्ट आहे, ती ऐकायला ताम्हिणी उतरून रोह्यावरून रायगडच्या किनाऱ्यावरचं कोर्लई गाव गाठायला लागतं. काशिदच्या बीचला जाणारे कितीतरी पुणेकर तिथूनच जातात, थांबत कोणी नाही.

इथल्या ख्रिश्चन वस्तीत घरात नोलिंग बोलतात. ही क्रिओल, म्हणजे दोन-तीन भाषांच्या मिसळीतून जन्मलेली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य ऐकाल तर क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं.

झालं काय, की सोळाव्या शतकात शेजारच्या चौलला पोर्तुगीज आले, वखार आली, किल्ला आला, शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत असं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचं धोरणच होतं, शिवाय धर्म बदललेले गावकरी, नोकर, गुलाम, सगळे एकत्र, आणि साहेबाशी काम भागवायला जे मोडकंतोडकं बोलणं चालायचं तीच पुढच्या पोरांची मातृभाषा झाली. हैती, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर फ्रेंचच्या क्रिओल झाल्या त्याही गुलामगिरीतूनच.

मग १७४० च्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना सोडलं. साहेब गेला म्हणजे भाषाही जायला हवी ना? उलटंच झालं! चुका काढायला पोर्तुगीज उरले नाहीत, धर्मामुळे आजूबाजूच्या हिंदू-मुसलमानांशी सोयरीक नाही आणि जातीमुळे बाकीच्या ख्रिश्चनांशीही फारशी नाही, असं गाव एकटं पडलं आणि भाषा अडीचशे वर्षांहून जास्त टिकली. पेशव्यांनी पोर्तुगीज हाकलले म्हणून पोर्तुगीज क्रिओल वाचली, हे शनिवारवाड्यावर कोणी सांगत नाही बरं का.

आता बोलणारे हजाराच्या आसपास. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही मराठी, नोकरीला मुंबई. कोचीजवळच्या वायपीनची अशीच क्रिओल बोलणारा शेवटचा माणूस २०१० मध्ये वारला. आपल्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतात, कोर्लई सकाळी निघून रात्री परत यायच्या अंतरावर आहे, तर पोरांनो, पुढच्या वेळी काशिदला निघालात की रेकॉर्डर घ्या आणि जरा अलीकडेच उतरा.