आधी माळ, मग गोळे

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची गर्दी ओसरते न ओसरते तोच मुंबईच्या लोहार चाळीतल्या दुकानांत त्याच दिव्यांच्या माळा पुन्हा पुढे येतात. फक्त खोक्यावरचं चित्र बदलतं. पणतीच्या जागी सांताक्लॉज येतो. आत माळ तीच. म्हणून सुरुवातीलाच सांगते, दिवाळीची माळ चालू असेल तर नाताळसाठी नवी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर दुकानात लावून बघा आणि पाच-दहा मिनिटं तशीच पेटती ठेवायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

आज बोलायचंय ते नाताळच्या झाडाच्या रोषणाईबद्दल आणि सजावटीबद्दल. लक्षात ठेवायचं एवढंच: आधी माळ, मग गोळे. बहुतेक घरांत मुलं खोकं उघडतात, हाताला येईल तो गोळा टांगतात, आणि झाड भरलं की कुणाला तरी आठवतं, अरे, लाईट राहिले! मग ती माळ गोळ्यांच्या वरून कशीबशी गुंडाळली जाते. तसं नको. आधी माळ, मग गोळे.

मी वसईची. पण हे झाड काही मूळचं वसईचं नव्हे. पोर्तुगीज १५३४ साली वसईत आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. त्या दोनशे वर्षांत इथे चर्च उभी राहिली, सण रुजले, पण नाताळचं झाड काही तेव्हाचं नव्हे. ती रीत जर्मनीतली. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन नवरा आल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं, आणि मग ती हौस इंग्रजांच्या मागोमाग सगळीकडे पोचली. मला विचाराल तर आमच्याकडे खरा मान गोठ्याचा. बाळ येशूचा गोठा करायला घरातली पोरं चार-चार दिवस खपायची, गवत, माती, शेवाळ गोळा करायची. आता झाड सहा फुटी आणि गोठा प्लास्टिकचा, तोही टीव्हीच्या बाजूला कोपऱ्यात. असो, विषय झाडाचा आहे.

राणीच्या त्या काळी झाडाच्या फांद्यांवर मेणबत्त्या लावत. वाळलेलं झाड आणि उघडी ज्योत, काय होत असेल याची कल्पना करा. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. वर झाड गोल फिरतं ठेवलं! म्हणजे भपका हा पहिल्या दिवसापासूनचाच.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते. ऐंशीच्या दशकातली. आमच्या घरी तेव्हा झाड म्हणजे सुरूची फांदी. बांधावर सुरूचं झाड होतं, त्याची उंच फांदी पप्पा तोडून आणत आणि रेती भरलेल्या बादलीत दगड घालून उभी करत. (समुद्रावरच्या सुरूला मात्र हात लावायचा नाही हं, तो किनाऱ्याची राखण करतो.) तर त्या वर्षी माझ्या चुलतभावानं लोहार चाळीतून माळ आणली होती. रंगीत बारीक बल्ब, सहा-सहा व्होल्टचे, एकामागे एक असे जवळपास चाळीस. घरात येतात २३० व्होल्ट, ते सगळ्या बल्बांत वाटले जातात. म्हणजे एक बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात. ज्यांनी ती माळ वापरलीय त्यांना ते दुःख ठाऊक आहे.

चोवीस तारखेची संध्याकाळ. माळ लावली, पेटली, सगळे ‘आहा’ म्हणाले, आणि फट्! गेली. पाकिटात दोन जादा बल्ब होते. काकांनी त्यातला एक घेतला आणि पहिल्या बल्बापासून सुरुवात केली. एक काढायचा, तिथे चांगला घालायचा, पेटते का बघायचं, नाही तर जुना परत लावायचा आणि पुढच्याकडे जायचं. असं करत शेवटच्या बल्बापर्यंत पोचले. माळ काळीच. काका त्या दुकानदाराला काय काय म्हणाले ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा आजी आतून ओरडली, “अरे, त्या गणपतीवाल्याला बोलवा ना!”

गणपतीवाला म्हणजे आमच्या आळीतले वायरमनकाका. मंडळाच्या गणपतीची रोषणाई दरवर्षी त्यांचीच. सायकलवरून आले, खिशात टेस्टर. आधी त्यांनी टू-पिन उलटीसुलटी करून फेज, म्हणजे करंट, कुठल्या टोकाकडून येतोय ते पाहिलं. आणि मग पहिल्या बल्बाकडे गेलेच नाहीत. सरळ मधल्या बल्बाकडे. तो होल्डरमध्ये जरासा सैल केला, त्याच्या तारेला टेस्टर टेकवला. टेस्टरचा लाल दिवा लागला. म्हणाले, “इथवर करंट येतोय. ही अर्धी माळ सोडा.” मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्ये. तिथे टेस्टर गप्प. “म्हणजे बिघाड या दोघांच्या मधे.” पुन्हा त्याच्या मध्ये. असं निम्मं-निम्मं करत पाच-सहा ठिकाणी टेस्टर टेकवला आणि एका हिरव्या बल्बावर बोट ठेवलं. तो बदलला.

माळ पेटली नाही.

काका हसायला लागले. इतका वेळ त्यांचं हसं झालं होतं, आता हसायची त्यांची पाळी. वायरमनकाका शांतपणे म्हणाले, “एक चोर सापडला. जोडीदार पुढे आहे.” आणि पुन्हा तेच, त्या हिरव्याच्या पुढच्या तुकड्यात, मधोमध. दुसरा बल्ब सापडला, बदलला, आणि झाड लख्ख! आता कळलं का, काकांचे कष्ट वाया का गेले? उडालेले बल्ब दोन होते. एकाच्या जागी चांगला घातला तरी दुसरा वाट अडवून बसलेलाच. चांगला बल्ब फिरवत नेण्याची युक्ती एकच बल्ब उडालेला असेल तरच चालते. दोन असतील तर रात्रभर बसा.

गोष्ट इथे संपत नाही. भाऊ गोळे घेऊन पुढे झाला तर वायरमनकाका म्हणाले, “थांब रे.” पिन काढली आणि सगळी माळ झाडावरून उतरवायला लागले! आजी बाहेर आली. “अरे, चर्चमधल्या मिसेची वेळ होत आली, तू पेटलेली माळ काय काढतोस?” ते म्हणाले, “मावशी, ही फेट्यासारखी गुंडाळलीय. झाड दिसतच नाही, नुसते बल्ब दिसतात. मखरात आम्ही बल्ब बघणाऱ्याच्या डोळ्यांवर मारतो का? आतून मारतो, मागून मारतो.” आणि त्यांनी खालून सुरुवात केली. खोडापाशी दोन बल्ब, मग फांदीच्या कडेनं टोकापर्यंत, टोकावरून वळून पुन्हा खोडाकडे, मग वरची फांदी. माळ तेवढीच, पण झाड दुप्पट खोल दिसायला लागलं. चर्चची घंटा झाली तरी आजी तिथेच उभी. शेवटी तिनं त्यांच्या हातात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा ठेवला. पैशांचं विचारलं तर म्हणाले, “गणपतीत वर्गणी देता ना? झालं मग.”

टेस्टरचा तो प्रयोग तुम्ही घरी करू नका. ते काम वायरमनचंच. माळ लावण्याची पद्धत मात्र आजही तीच. खालून सुरू करा, कारण प्लग खाली आहे. खोडाकडून टोकाकडे, टोकाकडून खोडाकडे. आतून बाहेर, बाहेरून आत.

आता एलईडीच्या माळा आल्या. त्या फारशा तापत नाहीत ही मोठी सोय, कारण वाळलेल्या सुरूत तापलेला बल्ब अडकला की जीव टांगणीला. अडॅप्टरवर चालणारी, कमी व्होल्टची माळ घ्या. तिच्यात बिघाड झाला तर बहुधा एक तुकडा विझतो, बाकीची चालू राहते. रंगाचं म्हणाल तर पिवळसर, वॉर्म व्हाइट. पिवळसर उजेडात लाल, सोनेरी, तांबूस गोळे खुलतात. घरात निळे आणि चंदेरी गोळे जास्त असतील तरच पांढरीशुभ्र माळ आणा. दोन्ही एका झाडावर नकोत. आणि ती उघडझाप करणारी, वर चिं-चिं गाणं वाजवणारी डबी! तिच्यावर एक बटण असतं. ते दाबत राहा, दिवे स्थिर होईपर्यंत. पाहुण्यांचं डोकं दुखवण्यात सण कसला?

तसंच रस्त्यावरच्या झाडांचं. वर्षभर खोडाला माळा आवळून ठेवतात, खिळे ठोकतात. त्या झाडावर पाखरं झोपतात, त्यांना रात्र नको का? नाताळच्या कार्यक्रमात हे कशाला, असं म्हणाल. पण कुठेतरी म्हणायलाच हवं.

गोळ्यांचं थोडक्यात. माळ झाली की शेंड्याची चांदणी लावा. नंतर लावायला गेलात तर शिडीवरून चार गोळे पडणार. सुरूचा शेंडा वाकतो, तेव्हा मागे बांबूची काठी बांधा. मोठे गोळे खाली आणि आत, बल्बाच्या शेजारी, म्हणजे त्यांच्यात उजेड दिसतो. लहान गोळे वर आणि बाहेर. सुरूवर काचेचे गोळे घसरतात, तिथे कागदाचे तारे बरे. चमकीची झालर सगळ्यात शेवटी, आणि निम्मी पुरे. कापसाचा बर्फ मुळीच नको. डिसेंबरात दुपारी आपण पंखा लावतो आणि झाडावर बर्फ!

तेव्हा पुन्हा एकदा: आधी माळ, मग चांदणी, मग गोळे. आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की माळ पिशवीत कोंबू नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, प्लगचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गुंता सोडवण्याआधीच पेटते की नाही ते बघता येईल.

नमस्कार.