घर चालतं ते डिझेलवर

श्रोतेहो, नमस्कार.

पेट्रोलचा दर वाढला की गावाला त्याच रात्री कळतं. डिझेलचं तसं होत नाही. आपल्यातले बहुतेकजण आयुष्यात कधी डिझेल विकत घेत नाहीत, त्यामुळे ते वाढलं काय आणि उतरलं काय, चहाच्या टपरीवर त्याचा विषय निघत नाही. आज मला बोलायचंय ते त्याच डिझेलबद्दल.

आधी पेट्रोलचा हिशेब करून टाकू. कडोलीहून बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला येणारा एखादा तरुण धरा. जाऊन येऊन तीसेक किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, गाडीचं अ‍ॅव्हरेज 50. म्हणजे महिन्याला साडेपंधरा लिटर, सोळाशे रुपयांच्या घरात. 15 जून 2024 ला कर्नाटक सरकारनं पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 टक्क्यांवरून 29.84 टक्क्यांवर नेला आणि लिटरमागे 3 रुपये वाढले. या तरुणाला त्याची झळ किती बसली? महिन्याला पन्नास रुपयांच्या आतबाहेर. कमी नाहीत, पण दिसतात तरी. टाकी भरताना तो शिव्या देतो आणि मोकळा होतो.

आता डिझेल बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं, पाठोपाठ राज्यानंही कर उतरवला आणि डिझेलवरचा विक्रीकर 14.34 टक्क्यांवर आला. जून 2024 ला तो 18.44 झाला. 1 एप्रिल 2025 पासून 21.17. त्याच एप्रिलात राज्यातल्या लॉरीमालकांनी संप केला, तेव्हा चार दिवस पेपरात बातम्या आल्या. संप मिटला आणि आपण विसरलो.

केंद्राचं शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, राज्याचा कर टक्क्यांत. त्यामुळे बाहेर कच्चं तेल महागलं, मूळ किंमत 10 रुपयांनी चढली, तर 21 टक्क्यांच्या हिशेबानं राज्याचेही 2 रुपये आपोआप वाढतात. त्यासाठी कुणाला नवा आदेश काढावा लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणायची आपली. शेतात रोटर मारणारा, म्हणजे माती भुसभुशीत करणारा ट्रॅक्टर तासाला साधारण चार-पाच लिटर पितो. डिझेल 2 रुपयांनी वाढलं तर तासाचा खर्च वाढला दहाएक रुपये. मग ट्रॅक्टरवाले मामा तासाचा दर दहानं वाढवतात का? नाही. पन्नासनं वाढवतात, कधी शंभरानं. त्यांचंही चुकत नाही म्हणा. फाळ महागलाय, टायर महागलंय, ड्रायव्हरची हजेरी वाढलीय, आणि हे सगळं बोलून दाखवायला डिझेल हे एक सोयीचं निमित्त मिळतं. भाडं नोटांनी चढतं आणि खाली तर कधी येतच नाही. मार्च 2024 मध्ये पेट्रोल-डिझेल 2-2 रुपयांनी उतरलं होतं. त्या वेळी तुमच्या गावात कुणी रोटरचा दर उतरवला असेल तर मला जरूर कळवा.

उसाचं तर आणखी वेगळं. अथणी, चिकोडी, निपाणी, हुक्केरी भागातल्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. तोडणी-वाहतूक कारखाना बघतो, पण तिचा खर्च वळता होतो आपल्याच बिलातून. डिझेल कारखान्याच्या नावावर भरलं जातं आणि बिलात मात्र आपल्या नावावर वजा होतं.

भाजीचंही तेच. बेळगावच्या मार्केटातून रोज गोव्याला भाजी जाते, चोर्ला घाट उतरून. घाटातल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, आणि येताना ती रिकामी आली तर परतीचं भाडंही जातानाच्या मालावरच बसतं. वाढलेलं भाडं पणजीच्या गिऱ्हाईकानं पूर्ण दिलं नाही, तर उरलेलं शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबात, कापलं जातं. कोबी तोच, पोतंही तेवढंच, हातात येणारे पैसे कमी.

सीमेवर राहणाऱ्यांना आणखी एक नाद असतो, हद्द ओलांडून टाकी भरायचा. गेली काही वर्षं पेट्रोल महाराष्ट्रात आपल्यापेक्षा महाग आणि गोव्यात स्वस्त असं चाललंय. गोव्याला गेलेला ड्रायव्हर परतताना टाकी फुल्ल करूनच घाट चढतो, ते बरोबरच आहे, तो त्याच वाटेवर असतो. पण मोटरसायकलवाल्यानं लिटरमागे दोन रुपये वाचवायला दहा किलोमीटर जायचं आणि दहा यायचं? पाच लिटरवर वाचले दहा रुपये, जाण्यायेण्यात जळाले चाळीस. तरी जाणारे जातात. स्वस्त मिळाल्याचा आनंद वेगळाच असतो.

बसचं बोलायचं तर जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे वैनींना सरकारी बस फुकट आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं ते भावजींच्या वाट्याला आलं. फुकट प्रवासही कर्नाटकाच्या आतला. माहेर चंदगडला असेल तर पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत निम्मं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. बसच चुकली, की वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, आहेच, आणि तिथं वैनी-भावजी सगळे सारखे.

आता करायचं काय? कर कमी करणं आपल्या हातात नाही. पण एक गोष्ट आहे, आणि मोठे वाहतूकदार ती कंपन्यांबरोबरच्या करारात करतातच. रताळ्यांच्या गाडीचं भाडं ठरवताना, नांगरटीचा दर ठरवताना, त्या दिवशीचा डिझेलचा दरही वहीत लिहून ठेवा आणि समोरच्याला दाखवा. डिझेल इतकं असताना भाडं इतकं, एवढंच. लिटरमागे 5 रुपये वाढले तर किती द्यायचं आणि 5 उतरले तर किती कमी करायचं, तेही त्याच बैठकीत बोलून घ्या. एकट्यानं बोलाल तर ट्रॅक्टरवाले मामा हसतील. गल्लीतल्या दहाजणांनी मिळून विचारलंत तर बसून हिशेब करतील, कारण हंगामात त्यांनाही सलग काम हवं असतं.

नमस्कार.