साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या, मग काय झालं?

(दृश्य: दगडी भिंती, वर छप्पर नाही. शेजारी उथळ पाण्याचं कुंड. वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या बारीक लहरी.)

या भिंती एका उपाहारगृहाच्या आहेत. नाव होतं ब्रॉड ॲरो कॅफे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे, त्या बेटावरचं हे पोर्ट आर्थर. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथे कैद्यांची वसाहत केली. आज तिचे अवशेष बघायला लांबून लांबून लोक येतात.

२८ एप्रिल १९९६. रविवार, जेवणाची वेळ. एक तरुण बाहेरच्या मोकळ्या जागेत बसून जेवला, ताट परत करायला आत आला, आणि सोबतची पिशवी टेबलावर ठेवून त्याने तिच्यातून रायफल काढली. जेमतेम दोन मिनिटांत या चार भिंतींच्या आत २० माणसं गेली. तिथून तो बाहेर पडला, आणि एकूण आकडा झाला ३५.

त्याचं नाव आपण घेणार नाही. पोर्ट आर्थरमध्येही ते घेतलं जात नाही. त्या दिवसाबद्दल इथल्या वाटाड्यांना विचारू नका, अशी पर्यटकांना विनंती केली जाते. इथे काम करणाऱ्या अनेकांची रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं त्या दिवशी गेली.

(दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर रायफलचं रेखाचित्र. खटका मागे सरकतो, पुढे येतो.)

पुढचा सगळा वाद ज्या शब्दाभोवती फिरतो, तो आधी नीट बघून घेऊ. अर्धस्वयंचलित. साध्या रायफलीत एक गोळी झाडली की हाताने खटका मागे ओढावा लागतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग पुढची गोळी आत बसते. सरावलेल्या माणसालाही त्यात क्षण-दोन क्षण जातातच. अर्धस्वयंचलित रायफल हे काम स्वतः करते. तुम्ही चाप ओढत राहायचं, ती झाडत राहते. ते क्षण-दोन क्षण म्हणजे टेबलाखाली शिरायला, दाराबाहेर पडायला, पोराला कवेत ओढून घ्यायला मिळणारा वेळ असतो. त्या कॅफेतल्या लोकांना तो मिळाला नाही.

आणि झाडणाऱ्याकडे बंदुकीचा परवानाच नव्हता.

हे काही आकाशातून कोसळलेलं संकट नव्हतं. १९८७ मध्ये एकट्या मेलबर्न शहरात असे दोन गोळीबार झाले. ऑगस्टमध्ये हॉडल स्ट्रीटवर ७ जण गेले, डिसेंबरमध्ये क्वीन स्ट्रीटवर ८. त्याच डिसेंबरात सगळ्या राज्यांचे प्रमुख होबार्टला जमले. होबार्ट म्हणजे टास्मानियाचीच राजधानी. देशभर बंदुकीचा एकच कायदा असावा, हा विषय होता. एकमत झालं नाही. बैठकीतून बाहेर पडताना न्यू साउथ वेल्सचे प्रमुख बॅरी अन्सवर्थ वैतागून बोलून गेले की, टास्मानियात हत्याकांड झाल्याशिवाय या देशात बंदुकीचा कायदा सुधारणार नाही. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. बंदुकीबाबत त्यांनी घेतलेली कडक भूमिका हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आठ वर्षांनी त्यांचे शब्द खरे झाले. बेटाच्या नावासकट.

(दृश्य: १९९६ सालच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं.)

जॉन हॉवर्ड यांना पंतप्रधान होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ते उजव्या, परंपरावादी पक्षाचे. त्यांच्या आघाडीतला दुसरा पक्ष होता शेतकऱ्यांचा, म्हणजे ज्यांच्या घरोघरी बंदूक त्यांचाच. अडचण आणखी एक होती. ऑस्ट्रेलियाच्या घटनेप्रमाणे बंदुका हा राज्यांचा विषय. बंदुकांच्या आयातीवर केंद्राचा हात होता, घराघरातल्या बंदुकांवर नव्हता. राज्यं ऐकत नसतील तर घटना बदलण्यासाठी जनमत घेऊ, असा दम हॉवर्ड यांनी भरला. हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी, १० मे रोजी, सगळ्या राज्यांनी होकार दिला.

काय ठरलं? अर्धस्वयंचलित रायफली आणि अर्धस्वयंचलित शॉटगन सामान्य माणसाला बंद. प्रत्येक बंदुकीची नोंद. बंदूक घ्यायची तर २८ दिवस थांबायचं. परवान्यासाठी खरं कारण द्यायचं: शेती, शिकार, नेमबाजीचा खेळ. स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. माझ्या मते सगळ्या करारात वजनदार काही असेल तर ते हे शेवटचं वाक्य. अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्यांना कारण विचारा, पहिलं उत्तर स्वसंरक्षणाचंच येतं. ऑस्ट्रेलियाने ते कारणच यादीतून काढून टाकलं.

मग विरोध पेटला. १६ जूनला हॉवर्ड व्हिक्टोरिया राज्यातल्या सेल गावी बंदूकधारकांसमोर भाषणाला उभे राहिले. कोटाच्या आत त्यांनी बुलेटप्रूफ जाकीट चढवलं होतं आणि ते उठून दिसत होतं. समोर होते त्यांच्याच देशातले शेतकरी, त्यांचेच मतदार. ते जाकीट घालायला नको होतं, असं हॉवर्ड यांनी पुढे स्वतः सांगितलं. उपपंतप्रधान टिम फिशर स्वतः शेतकरी, व्हिएतनाममध्ये लढून आलेले. क्वीन्सलंडच्या जिम्पी गावात त्यांच्या पुतळ्याला फास लावून टांगलं गेलं. तरी ते गावोगाव हिंडून आपल्याच लोकांच्या शिव्या ऐकत राहिले. या सगळ्या कथेत मला सर्वात मोठा माणूस तोच वाटतो.

त्या लोकांचा राग समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांना विचारा. रानडुकरं एका रात्रीत भात लोळवून जातात. वर निवडणूक जाहीर झाली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची वेळ येते. ‘आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय?’ जिम्पीतला प्रश्न हाच होता आणि तो खोटा नव्हता. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी लाखो सरळमार्गी माणसांकडून काहीतरी काढून घेतलं जात होतं.

(दृश्य: लांबच लांब टेबल. बंदुका देणाऱ्यांची रांग. लोखंड चिरडण्याचा आवाज.)

काढून घेतलं, पण फुकट नाही. खाजगी मालमत्ता घ्यायची तर रास्त मोबदला द्यायला हवा, असं तिथली घटनाच सांगते. त्यासाठी आरोग्यसेवेच्या करात एका वर्षापुरती वाढ केली, दीड टक्क्याचा १.७ टक्के. कोणत्या बंदुकीला किती पैसे, याची छापील यादी निघाली. लोक गाडीच्या डिकीतून, जुन्या चादरीत गुंडाळून बंदुका घेऊन आले. तपासणारा क्रमांक वाचणार, यादीत किंमत बघणार, कागद हातात देणार. मग ती बंदूक यंत्राखाली. नळी वाकायची, दस्त्याच्या लाकडाच्या ढलप्या उडायच्या. आजोबांची बंदूक दुसऱ्या शंभर बंदुकांबरोबर भंगार झालेली बघून माणसं गप्प उभी राहत.

वर्षभरात सुमारे साडेसहा लाख बंदुका अशा संपल्या.

आता मुख्य प्रश्न. हिंसा कमी झाली का?

आधी हत्याकांडं बघू. पाच किंवा जास्त माणसं मारली गेली असे गोळीबार १९९६ पर्यंतच्या १८ वर्षांत १३ झाले होते. त्यानंतरची २२ वर्षं एकही नाही. सिडनी विद्यापीठाचे सायमन चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गणित मांडलं की, हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता दोन लाखांत एक.

पलीकडच्या बाजूने उत्तर आलं ते न्यूझीलंडचं. जीनीन बेकर आणि समारा मॅकफेड्रन या संशोधकांनी दाखवून दिलं की, शेजारच्या न्यूझीलंडने अर्धस्वयंचलित बंदुकांवर अशी बंदी घातलीच नव्हती, तरी १९९७ नंतर तिथेही असं हत्याकांड झालेलं नाही. मग श्रेय कायद्याला कसं द्यायचं? मुद्दा बिनतोड होता आणि कित्येक वर्षं त्याला नीट उत्तर नव्हतं. मग १५ मार्च २०१९ उजाडला. ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण मारले गेले, त्यांत भारतीयही होते. मारेकरी ऑस्ट्रेलियाचा नागरिक. त्याच्या देशात बंदी असलेल्या जातीच्या बंदुका त्याने न्यूझीलंडमध्ये परवान्यावर विकत घेतल्या होत्या. महिना उलटायच्या आत न्यूझीलंडच्या संसदेने ११९ विरुद्ध १ मताने बंदी आणली.

रोजच्या खुनांचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. बंदुकीने होणारे खून कमी झाले, हे खरं. पण ते १९९६ च्या आधीपासूनच उतरत होते. उतार कायद्याने तीव्र झाला की आपल्याच चालीने चालला, यावर आकडेशास्त्र जाणणारी माणसं अजून भांडतायत. दोन्ही बाजूंचे लोक या वादात मुरलेले आहेत, हेही सांगितलं पाहिजे. चॅपमन बंदूक नियंत्रणाच्या चळवळीतले, तर बेकर आणि मॅकफेड्रन यांचे नेमबाजांच्या संघटनांशी संबंध. तरीही २०१६ मध्ये चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच निबंधात लिहून ठेवलं की, बंदुकीशिवाय होणारे मृत्यूही त्या काळात घटले, त्यामुळे ही घट कायद्यामुळेच झाली असं ठरवता येत नाही. आयुष्यभर ज्यासाठी लढलो त्याच्या विरोधात जाणारी ओळ छापायला धैर्य लागतं.

(दृश्य: रिकामं शेत. दूरवर एकटं घर, एका खिडकीत दिवा. पडद्यावर पट्टी: मन अस्वस्थ असेल तर बोला. टेली मानस, १४४१६.)

पण ज्या आकड्यासाठी मी हा विषय घेतला, तो अजून आलेला नाही.

१९७९ ते १९९६ या काळात ऑस्ट्रेलियात दर वर्षी सरासरी ६२८ माणसं बंदुकीने जात. त्यांतले खून सुमारे ९३. आणि आत्महत्या, ४९२. कॅमेरे पोर्ट आर्थरला गेले, मोर्चे शहरांत निघाले, भांडण गुन्हेगारांवरून झालं. आणि माणसं जात होती ती बहुतेक घरातल्या बंदुकीने, स्वतःच्या हाताने.

कायद्यानंतरच्या सात वर्षांत आत्महत्यांची ही सरासरी निम्म्यावर आली, साधारण २४७. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील यांनी २०१० मध्ये राज्याराज्यांची तुलना केली. ज्या राज्यांनी लोकसंख्येच्या मानाने जास्त बंदुका परत केल्या, तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त घटल्या. त्यांचा हिशेब जवळजवळ ८० टक्के घट दाखवतो. आत्महत्या रोखण्याचं सरकारी काम त्याच सुमारास वाढलं होतं, त्याचाही वाटा असणार. पण जिथे बंदुका जास्त गेल्या तिथेच घट जास्त का, याचं उत्तर तेवढ्याने मिळत नाही.

‘ज्याला जायचंय तो दुसरा मार्ग शोधतो,’ असं आपण सहज बोलून जातो. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी शेजारच्या घरातून उठलेला आक्रोश ऐकलाय त्यांना माहीत आहे, तो क्षण कसा येतो. दुपारी माणूस बँकेतून परत येतो, संध्याकाळी घरात भांडण होतं, आणि हाताशी जे असतं ते असतं. कित्येकदा तो क्षण टळतो, सकाळ होते, आणि माणूस पुढची तीस वर्षं जगतो. श्रीलंकेने सर्वात जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त उतरलं. शेती बुडाली नाही. हाताशी असलेलं मरण तेवढं लांब गेलं. बंदूक तर दुसरी संधीच देत नाही. म्हणून बंदूक घेण्याआधी थांबायचे ते २८ दिवस मला कागदी सोपस्कार वाटत नाहीत.

अमेरिकेतही बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. पण ऑस्ट्रेलिया बंदुका गोळा करत होता त्याच १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने आपल्या रोगनियंत्रण केंद्राला बजावलं की, बंदूक नियंत्रणाची भलामण करण्यासाठी निधी वापरायचा नाही. त्या धास्तीने तिथलं संशोधन वीसेक वर्षं जवळजवळ थांबलं. उत्तर काय निघेल ही पुढची गोष्ट, तिथे प्रश्न विचारणंच बंद झालं.

(दृश्य: सिडनी. बाँडायचा समुद्रकिनारा. वाळूवर फुलांचे ढीग.)

ऑस्ट्रेलियाने प्रश्न सोडवून टाकला, असं आता तिथलेही लोक म्हणत नाहीत. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका आजोबांनी पत्नी, मुलगी आणि चार नातवंडांना मारून स्वतःला संपवलं. बंदुका परवान्याच्या होत्या. १४ डिसेंबर २०२५ रोजी बाँडायच्या किनाऱ्यावर ज्यू लोक हनुकाचा सण साजरा करत होते. तिथे झालेल्या गोळीबारात १५ जण गेले. हल्लेखोर म्हणून एक बाप आणि त्याचा मुलगा समोर आले. मुलाचं नाव २०१९ मध्येच गुप्तचर खात्यासमोर आलं होतं, असं पंतप्रधान अँथनी अल्बानीझ यांनी सांगितलं. बापाकडे बंदुकीचा परवाना होता, आणि परवान्यावर सहा बंदुका.

एका माणसाला सहा कशाला लागतात? १९९६ च्या कराराने बंदुकीची जात ठरवून दिली, संख्येला देशभर सरसकट मर्यादा घातली नाही. तीस वर्षांत तिथल्या नोंदलेल्या बंदुका हळूहळू पुन्हा वाढल्या आणि ४० लाखांच्या वर गेल्या. बाँडायनंतर पाचव्या दिवशी सरकारने लोकांकडून बंदुका परत विकत घेण्याची १९९६ नंतरची सर्वात मोठी मोहीम जाहीर केली.

प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवायची आणि राज्यांच्या नोंदी एकमेकींना जोडायच्या, हे १९९६ मध्येच ठरलं होतं. नोंदी झाल्या, पण त्या राज्याराज्यांच्या दप्तरांत वेगवेगळ्या राहिल्या. देशभराची एकच नोंदवही करण्याचा निर्णय व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. ती पूर्ण करण्यासाठी साल धरलंय २०२८.

(दृश्य: पोर्ट आर्थर. संध्याकाळ. कुंडातल्या पाण्यात छप्पर नसलेल्या भिंतींचं प्रतिबिंब.)