श्वास अडला की थांबा

श्रोते हो, नमस्कार.

रेडिओवरून योगासनं कशी सांगणार, असं मला या भाषणाआधी दोघातिघांनी विचारलं. चित्र नाही, करून दाखवायची सोय नाही, नुसतं बोलायचं. मला विचाराल तर हे बरंच आहे. नव्याने योग सुरू करणाऱ्याची निम्मी अडचण चित्रानेच होते. डोकं गुडघ्याला टेकवलेला कुणीतरी फोटोत दिसतो. मग माणूस एक तर "छे, हे आपल्याच्याने व्हायचं नाही" म्हणून सोडून देतो, नाही तर पहिल्याच दिवशी तसंच करायला जातो आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. आज चित्र नाही, त्यामुळे आपलं लक्ष सहज दुसरीकडे जाईल. श्वासाकडे.

आत्ता बसला असाल तिथेच बसा. गाडी चालवत असाल तर मात्र नुसतं ऐका. एक तळहात छातीवर, दुसरा बेंबीच्या जरा वर, पोटावर. मुद्दाम काही करू नका. श्वास आत येताना कुठला हात आधी हलतो ते बघा. पुष्कळांचा छातीवरचा हलतो, पोटावरचा जवळजवळ गप्प असतो. आता श्वास नाकानेच घ्या आणि सोडताना घाई करू नका. घेताना मनात तीन आकडे होत असतील तर सोडताना चार किंवा पाच होऊ द्या. असे पाच-सहा श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हे दिवसभर चालूच असतं, आपलं लक्ष नसतं इतकंच. सोडणं लांबवलं की शरीर सैल पडायला मदत होते, ती यामुळेच.

आता आसन. आसन बरोबर चाललंय की नाही हे कशावरून ठरवायचं? बोटं जमिनीला टेकली की नाही यावरून नाही, शेजारचा किती वाकला यावरून तर नाहीच. श्वास आत्ता होता तसा शांत चालू आहे का, एवढंच बघायचं. तो अडला, तोंडाने घ्यावा लागला, दात आवळले गेले, कपाळाला आठ्या पडल्या, तर एक पाऊल मागे या. पतंजलींच्या योगसूत्रांत जवळजवळ दोनशे सूत्रं आहेत आणि त्यांतली आसनावर जेमतेम तीन. त्यातलं पहिलंच सांगतं, आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं. पाय किती ताणायचा, कुठे टेकवायचा, याचं त्यात नावही नाही.

उभं राहून पुढे वाकण्याचं उदाहरण घेऊ, कारण पाठी बहुतेक इथेच दुखावतात. मांडीच्या मागचे स्नायू ज्या हाडावर आपण बसतो त्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. हे स्नायू आखडलेले असले की वाकताना ते बसायच्या हाडाला खालून खेचून धरतात. मग खुब्यातून वाकणं होत नाही. आपल्याला तर हात खाली न्यायचेच असतात, म्हणून आपण पाठीची कमान करतो आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. यावर उपाय अगदी साधा आहे: गुडघे वाकवा. संकोच न करता, पोट मांड्यांना टेकेल इतके वाकवा. मग डोकं सैल सोडा आणि पाच-सहा श्वास तिथेच थांबा. हळूहळू, वाटलंच तर, गुडघे थोडे सरळ करा. गुडघे ताठ ठेवून बोटांनी जमीन गाठणाऱ्यापेक्षा वाकवलेल्या गुडघ्यांचा तुमचा व्यायाम जास्त शुद्ध आहे, असं मी म्हणेन. आणि झटके देऊ नका. स्नायू एकदम ताणला गेला की तो स्वतःला वाचवायला उलटा आवळतो. सावकाश ताणून थांबलात तर तो सोडतो.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात. सकाळी उंची मोजली तर ती संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, ती त्यामुळे. अशा फुगलेल्या चकत्यांवर खोल वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून पहाटे योग करायचा असेल तर जरूर करा, पण अंथरुणातून उठून थेट वाकू नका. तासभर हिंडाफिरा, नाही तर त्या वेळी उभ्याची आसनं आणि श्वास एवढंच ठेवा. संध्याकाळी केलं तरी काही बिघडत नाही. शरीर तेव्हा मोकळंही असतं. पोट मात्र हलकं हवं. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.

कपडे, चटई यांवर मी वेळ घालवणार नाही. पाय घसरणार नाही अशी जागा पुरे. मात्र एक घडी केलेलं जाड ब्लँकेट जवळ असू द्या. मांडी घालून बसल्यावर गुडघे खुब्यांच्या वर राहत असतील तर ते ब्लँकेट बैठकीखाली घ्या. पाठ आपोआप सरळ होईल. यात कमीपणा काही नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षयासारख्या आजारांतून गेलेले. आखडलेल्या आणि आजारी माणसांनाही आसनं करता यावीत म्हणून पट्टे, ठोकळे, दोर, खुर्च्या वापरायची पद्धत जगभर पोहोचली ती त्यांच्यामुळे.

सुरुवातीला आसनं किती? पाच-सहा. पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या हठप्रदीपिकेतही वर्णन पंधराच आसनांचं आहे, आणि त्यांतली बरीचशी बसूनच करायची. ताडासनात दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभं राहा. हे नुसतं उभं राहणं नव्हे. टाचांवर किती भार येतो, अंगठ्यांवर किती, हे बघायला लागलात की कळेल. मग हातापायांवर ओणवं होऊन श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी. भुजंगासनात पालथं झोपून छाती उचला, पण हातांच्या जोरावर नाही. तळहात क्षणभर जमिनीवरून उचलून पाहा. छाती धपकन खाली आली, तर तुम्ही हातांनीच अंग उचलून धरलं होतं. पुढच्या वेळी कमी उचला. बसून दोन्ही बाजूंना थोडा पीळ. झालं.

सूर्यनमस्काराचं विचाराल. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शंभरएक वर्षांपूर्वी त्याचा हिरिरीने प्रसार केला. व्यायाम उत्तमच आहे. पण त्यात पुढे वाकणंही येतं आणि भुजंगासनही. ही दोन नीट जमण्याआधी बारा-बारा नमस्कार घालू लागलात तर तीच चूक चोवीस वेळा होते. काही आठवडे थांबा.

दुखण्याबद्दल. मांसल भागात, मांडीच्या किंवा पोटरीच्या मधोमध, बोथट ताण जाणवला तर चालेल. सांध्यात टोचलं, गुडघ्यात कळ आली, पायात मुंग्या किंवा विजेसारखी चमक गेली, तर ताबडतोब सोडा. "दुखलं म्हणजे फायदा होतोय" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन किंवा डोकं बराच वेळ खाली राहील असं काही करू नका. चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील तर खोल वाकणं टाळा. हर्निया, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांत आधी डॉक्टरांना विचारा आणि मग जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीच करा. कपालभाती याच मंडळींसाठी वर्ज्य आहे, आणि बाकीच्यांनाही पहिल्या महिन्यात तिची गरज नाही. श्वास रोखून धरण्याचे प्रकारही पुढे कधीतरी. सुरुवातीला सोडणं लांबवायचं, एवढा प्राणायाम पुरतो.

शेवटी शवासन. लोक नेमकं हेच गाळतात. वेळ नाही म्हणतात, पण खरं म्हणजे काहीच न करता पडून राहणं जमत नाही. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. पाच मिनिटं. झोप लागली तर लागू द्या, शरीराला ती हवी होती. उठताना मात्र ताडकन उठू नका. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, दोन श्वास घ्या, मग उभे राहा.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. रोज झालं तर छान. मधे चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी चारपट करून भरपाई करू नका, पहिल्या दिवशी केलं होतं तेवढंच करा. शिक्षक शोधत असाल तर पहिल्या तासाला एवढंच बघा: ते तुम्हाला आधी तुमची दुखणी विचारतात का? आणि तुम्ही आसन अर्ध्यावर सोडलंत तर रागावतात का? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तर दुसरा वर्ग बघा.

नमस्कार.