अंदाज ऐका, आणि वरही पाहा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळच्या अंदाजात आपण ऐकतो, 'दुपारनंतर काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, शक्यता तीस टक्के.' संध्याकाळपर्यंत आपल्या अंगणात थेंबही पडत नाही आणि अंदाज चुकला असं आपण म्हणून टाकतो. हा त्या अंदाजावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तीस टक्के म्हणजे दिवसाचा तीस टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि तीस टक्के जोराचा पाऊसही नव्हे. हवेची अशी स्थिती दहा वेळा आली, तर त्यांपैकी साधारण तीनदा तुमच्या ठिकाणी पाऊस होईल, एवढंच तो आकडा सांगतो. सात वेळा कोरडं जाणं हे त्यात धरलेलंच आहे.

मग नेमकं कुठे, ते का सांगत नाहीत? वातावरणाचे चौकोन पाडून संगणक गणित मांडतो आणि एकेक चौकोन अनेकदा काही किलोमीटरचा असतो. एकटा गडगडाटी ढगही तेवढाच, काही किलोमीटर रुंदीचा, आणि त्याचं आयुष्य जेमतेम तासाभराचं. तो कोणत्या वस्तीवर उभा राहील, हे सकाळी सांगता येत नाही. दुपारी रडार ते दाखवतं. आणि आभाळ तर आपल्याही डोळ्यांसमोर असतं.

ढगांची आजची नावं ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधविक्रेत्यामुळे रूढ झाली. १८०२ साली एका व्याख्यानात त्याने ढगांचे प्रकार मांडले. तंतूंसारखे ते सिरस, ढीग रचल्यासारखे ते क्युम्युलस, थर पसरल्यासारखे ते स्ट्रेटस. पावसाच्या ढगासाठी निंबस. आज मुख्य प्रकार दहा मानतात, पण त्यांची बहुतेक नावं याच शब्दांच्या जोडणीतून झालेली आहेत. तेव्हा नावांना घाबरू नका.

सर्वांत उंचावरचे सिरस बर्फाच्या कणांचे असतात. त्यांचाच पातळ पडदा पसरला की चंद्राला किंवा सूर्याला खळं पडतं. खळं पडलं म्हणजे पाऊस आलाच, असं मात्र नाही. तो पडदा दाट होत खाली उतरतोय का, हे पाहायचं. सूर्याचं बिंब पुसट झालं, सावल्या नाहीशा झाल्या, मळभ गडद होत गेलं, तर सलग, रिपरिप पावसाची शक्यता वाढते.

आभाळात लहान लहान गोळ्यांची रांग दिसली तर हात लांब करून बोटाने मापा. ढग बऱ्यापैकी डोक्यावर हवेत, क्षितिजाजवळचे नकोत. एकेक गोळा करंगळीआड झाकला जात असेल तर ढग फार उंचावरचे, दोन-तीन बोटं लागत असतील तर मधल्या थरातले. मधल्या थरातल्या ढगांना सकाळीच बुरुजासारखे उंचवटे फुटलेले दिसले, तर दुपारी गडगडाटाची शक्यता आहे, असं जाणकार मानतात.

आता क्युम्युलस. माझ्या मते पाहावा असा ढग हाच. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर चढते, चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश थंड होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. म्हणून या ढगांचे तळ सपाट आणि एका रेषेत दिसतात. ती उंची तुम्हीही काढू शकता. तापमान आणि दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो आकडा, यांतल्या फरकाला १२५ने गुणा. तापमान ३२ आणि दवबिंदू २४ असेल, तर ढगांचा तळ साधारण १,००० मीटरवर. हवा दमट असेल तितका तळ खाली.

दुपारी हे ढग उंचीपेक्षा रुंद राहिले तर बहुधा काही होत नाही. ते रुंदीपेक्षा उंच होऊ लागले, की लक्ष द्या. माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा अगदी रेखीव, म्हणजे तिथे अजून पाणी आहे आणि ढग वाढतो आहे. त्याच कडा धूसर, तंतुमय दिसू लागल्या, की वरचं पाणी गोठलं. तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग झाला. उष्ण प्रदेशात त्याचा माथा १५ किलोमीटरच्याही वर जातो आणि तिथे अडून ऐरणीसारखा आडवा पसरतो. रेखीव कडा धूसर व्हायला कधी कधी अर्धा तासही लागत नाही, म्हणून एकदाच पाहून भागत नाही. अकराला पाहा, एकला पाहा, तीनला पाहा. त्या क्षणाच्या आकारापेक्षा दोन वेळांमधला फरक जास्त सांगतो.

ढगाकडून अचानक गार वारा सुटला, तर ती पावसाने थंड होऊन खाली कोसळलेली हवा असते. सर बहुधा मागोमाग येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. उत्तर १० किंवा त्याहून कमी आलं तर लगेच पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली थांबू नका. खरं तर गडगडाट कानावर आला, की आत जाण्याची वेळ झालेलीच असते. पाऊस थांबला, ऊनही पडलं, तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. पुढे सरकलेल्या ढगातूनही मागे वीज पडू शकते.