पाण्याचा नियामक आणि मराठवाडा

श्रोतेहो, नमस्कार.

पाणीपुरवठा ही सार्वजनिक सेवा पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची असेल, तर धरणे बांधणाऱ्या आणि पाणी वाटणाऱ्या खात्यावर नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले आणि असे प्राधिकरण उभारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

या प्राधिकरणाचे महत्त्व मराठवाड्याला गोदावरीवरील जायकवाडी धरणामुळे कळले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक आणि नगरकडील वरच्या धरणांतून पाणी सोडावे, अशी व्यवस्था प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने घालून दिली आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली. तुटीच्या वर्षी वाटणी नेत्यांच्या वजनावर न होता आधी ठरलेल्या आकड्यावर व्हावी, हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते. तरीही २०२३ मध्ये ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी, म्हणजे ८.६ अब्ज घनफूट, पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर सरत आला. रब्बीच्या पेरण्यांचा हंगाम अशा ओढाताणीत निघून जातो.

मात्र वरच्या धरणांकडे बोट दाखवताना आपल्या पायाखालचे पाणीही पाहिले पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. राज्याच्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे आणि भूजलाचे राज्यस्तरीय प्राधिकरण म्हणूनही हीच संस्था काम पाहते. असे असताना आपल्या शिवारात पाणाड्याने जागा दाखवली की बोअरची गाडी येते, दोनशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला की आणखी रॉड जोडले जातात आणि पाचशे फूट ओलांडले तरी गाडी थांबत नाही. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खोलवरच्या भेगांतले पाणी एकदा उपसले की एका पावसाळ्यात भरून येत नाही. कर्ज काढून बोअर घेणारा शेतकरी यात गुन्हेगार नाही, कारण उभी बाग किंवा ऊस डोळ्यांदेखत वाळताना त्याला दुसरा मार्ग दिसत नाही. पण त्याच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आणि पुढे गावाची नळयोजना आटते, हेही तितकेच खरे आहे.

खोली मोजता येत नाही, ही सबब येथे चालणार नाही, कारण गाडीवाला पैसे फुटावरच घेतो. त्याच्या बिलातला तो आकडा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर पोहोचवणे नियामकाला सहज शक्य आहे. बोअरच्या गाड्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदाही हाताशी आहे. तेव्हा मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीची नोंदणी रद्द करण्यापासून सुरुवात करावी आणि जायकवाडीचा आदेश लांबवणाऱ्या अधिकाऱ्यालाही, तो कोणत्याही जिल्ह्यातला असो, त्याच कठोरपणे जाब विचारावा.